सागाची काडी

“आता मी मेले,” असं म्हणून सिगुल्लाआजी फळीवर आडवी झाली. “चल, कर सुरुवात.”

मी तांब्या उचलला.

“आगं ये! पानी हातानं बगितलंस का? कडत हाय का गार? मी मेलेय, मी काय बोंबलनार हाय?”

“मेलीयेस तर बोलतेस कशाला?”

“तू चुकतेस म्हनून. कोपर बुडव आत.”

मी कोपर बुडवलं आणि झटकन वर काढलं. पाणी चांगलंच तापलं होतं. आजी डोळे मिटूनच म्हणाली, “बगितलंस? भाजली आसतीस मला. जित्या मानसाला आपन इचारतो तरी. मेलेला सांगत नाय, म्हनून त्याला जास्ती इचारायचं.”

हे सगळं तिच्या परसात, भर दुपारी चाललं होतं. पपईच्या झाडापासून न्हाणीच्या खांबापर्यंत दोरी बांधून तिच्यावर दोन जुनी लुगडी टाकली होती, म्हणजे आडोसा. दोन बाकड्यांवर फळी. ती फळी माझ्या बाबांनी रंधा मारून दिली होती. हन्नोक सुतार म्हणजे माझे बाबा. फळी कशाला हवी, हे त्यांनी विचारलं नव्हतं. बाबा कुणालाच काही विचारत नसत.

आजीने अंगावर पांढरी चादर ओढून घेतली होती. चादर काढायची नाही, चादरीखाली हात घालून धुवायचं, पाणी डोक्याकडून पायाकडे, आधी उजवी बाजू, मग डावी. कुणालाही पालथं घालायचं नाही. एकेक गोष्ट ती मेल्याजागी पडून सांगत होती.

“आनि माज्या आंगावरनं पलीकडं काय बी द्यायचं नाय. साबन पायजे तर वळसा घालून जा. आळस करायचा नाय.”

मी वळसा घातला. तळपाय धुवायला घेतला तर म्हातारी खुदकन हसली आणि पाय आखडून घेतला.

“आजी, मेलेलं माणूस हसत नाही.”

“तुजी बोटं मांजरावानी फिरतात. जरा दाबून धर. झोपलेलं पोर न्हानीत नेतो तसं. जागं नाय करायचं, पन टाकायचं बी नाय.”

आज इस्रायलमधल्या अश्दोदला मी हेच काम करते. इथे स्टीलचं टेबल आहे, भिंतीत गरम पाण्याचा नळ आहे, हातमोजे आहेत. मी आधी मोजा खाली करून कोपर पाण्याखाली धरते. बरोबरच्या बाया हसतात. हसू देत.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि चिंचखारच्या शाळेत मास्तरीण होते. चिंचखार खाडीकाठचं गाव. गावाच्या टोकाला आमची इस्रायल आळी, आळीत आमची मशीद. सिनेगॉगला, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराला, आमचे जुने लोक मशीदच म्हणत. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर कधी आले, कसे आले, याच्या गोष्टी आजीकडे पोतंभर होत्या. पण ऐकायला आता कोण राहिलं होतं? एकेक घर विमानात बसून इस्रायलला गेलं. जाताना दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेली लांबट डबी, काढून नेत, त्याची तिरकी फिकट खूण तेवढी मागे राहायची. शाळेतून येताना मी त्या खुणा बघत यायचे. दिवसभर पोरांच्या गोंगाटात असायचे, पण आळीत शिरलं की माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू यायचा. घरी बाबा असायचे. ते असून नसल्यासारखेच.

आमच्यात बाईचं प्रेत बाईनेच धुवायचं आणि तीही आमच्यातलीच हवी. चिंचखारात हे काम आजी आणि योखेवेदबाई करत. माझ्या जन्माच्या आधीपासून करत होत्या. योखेवेदबाईला तिचे मुलगे घेऊन गेले. त्या शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत आजी नेहमीप्रमाणे मनुकांच्या सरबताची वाटी घेऊन आमच्याकडे आली. आमच्या कोकणात द्राक्षारस कुठला मिळायला? शब्बाथच्या, आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आशीर्वादाला काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत. वाटी ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “यरू, मला कोन धुनार गो?”

मी वाटीवर झाकण ठेवलं.

“आक्खी आळी धुतली मी. आनि मलाच कोन नाय.”

“मी धुवेन,” मी म्हणाले. “शिकव मला. पण एक अट आहे.”

“काय?”

बाबा आत कंदिलाची काच पुसत होते. मी आवाज खाली केला. “माझ्या आईचं खरं काय ते सांगायचं.”

आजीने आत बाबांकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. “आदी शीक. मग बगू.”

माझी आई दीना. मी नऊ वर्षांची असताना ती आळीच्या टोकाच्या विहिरीत गेली. त्याच्या आधीच माझा भाऊ, तान्हाच, तापाने गेला होता आणि तेव्हापासून आई फार बोलत नसे. त्या दिवशी सकाळी बाबा तिच्यावर खेकसले होते. रडून गेलेलं पोर परत येणार आहे का, असं काहीतरी म्हणाले होते. दुपारी ती माझे केस विंचरायला बसली. एक वेणी घातली. मग म्हणाली, “बस हितंच. पानी संपलंय, हंडा भरून येते, मंग दुसरी घालते.” मी बसून राहिले. एक वेणी घातलेली, एका बाजूचे केस मोकळे. आळीत आरडाओरडा झाला तरी मी उठले नाही, कारण तिने बस म्हणून सांगितलं होतं.

पाय घसरला असेल, असं चार लोक म्हणाले. उडी मारली, असं सगळं गाव म्हणालं. ज्याने स्वतःचा जीव दिला त्याला आमच्या जुन्या रिवाजाने कबरस्तानात कडेला पुरायचे. आईला सगळ्यांच्या रांगेत पुरलं. धुणं आटपून बाहेर आल्यावर आजी मशिदीच्या मुकादमाला एवढंच म्हणाली होती, “सगल्यांबरोबर घाला तिला.” का, ते सांगितलं नाही. लोक म्हणाले, म्हातारीला दया आली. मलाही तसंच वाटायचं. त्या संध्याकाळी आजीने मला पुढ्यात घेऊन माझी दुसरी वेणी घातली होती. तिची बोटं पाण्याने सुरकुतलेली होती. मला ती वेणी नको होती, पण मी बसून राहिले.

बाबांनी त्या दिवसापासून विहिरीचं पाणी घरात येऊ दिलं नाही. विहीर हाकेच्या अंतरावर, पण ते कावड घेऊन शाळेमागच्या तळ्यावर जायचे. कुणी विचारलं तर मी सांगायचे, विहिरीचं पाणी मचूळ आहे.

मला दुसरं काही नको होतं. तिने उडी मारली असेल तर ती मला तिथे बसवून, खोटं सांगून गेली. घसरली असेल तर नाही. पंधरा वर्षं मी या एका गोष्टीशी झोंबत होते आणि ज्या बाईने शेवटचा तिला हात लावला ती रोज दोन दारं सोडून चुलीपुढे फुंकणी फुंकत बसायची.

म्हणून मी शिकले. सुटीच्या दिवशी दुपारी आजी मरायची आणि मी तिला धुवायची. कधी ती मधेच उठून चूल बघून यायची आणि परत मरायची. एकदा आडोशावरून शेजारच्या यमुनाकाकी म्हात्रेने डोकावलं आणि किंचाळली. आजी फळीवरूनच म्हणाली, “काय नाय गो यमुने, शाळा चाललीय.”

एके दिवशी तिने फक्त नखं घेतली.

“ह्याला सगल्यात जास्त येळ द्यायचा,” ती म्हणाली. “मानूस जाताना हात तेवडे घेऊन जातं. तुज्या बापाकडनं सागाची काडी आन. टोक बोथट पायजे, मांसात घुसायला नको.”

मी काडी आणली. बाबांनी ती तासून दिली, मान खाली घालून.

“आता बग. बाईच्या नखांत काय काय आसतं. हळद आसली तर जात नाय. जाऊ नको दे, तिचा संसार हाय तो. माती आसली तर काडी लावायचीच नाय, कोमट पानी सोडलं का सुटते. शेवालं आसलं, दगडावरचं, तर पान्यानं नाय जात. पार मुळात बसतं. त्याला काडी लागते, धाई बोटांना. काडी मोडली तर दुसरी घ्यायची. आनि नखं तुटलेली आसली तर तुटलेल्या बाजूनं नाय जायाचं, दुकवायचं नाय. समजलं?”

“समजलं.”

“काय समजलं?”

“हळद राहू द्यायची, मातीला पाणी, शेवाळाला काडी.” पाढे म्हणावेत तसं मी म्हटलं. माझं लक्ष कुठे होतं? मी मनात माझा प्रश्न जुळवत होते. आजीने फळीवर पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे बघितलं. कशाची तरी वाट बघितल्यासारखं. मग पुन्हा डोळे मिटले.

संपल्यावर ती उठून बसली आणि चादर घडी घालू लागली. मी तिच्यासमोर उभी राहिले.

“झालं ना सगळं शिकून?”

“झालं.”

“मग आता सांग.”

“काय?”

“आजी, वेड पांघरू नकोस. माझ्या आईचं.”

तिने घडी पूर्ण केली. “यरू, आत बगितलेलं धुनारीनं भायेर बोलायचं नाय. नवऱ्याला नाय, पोराला नाय. माज्या सासूनं मला तेच सांगितलं, मी तुला तेच सांगते. उद्या तू मला धुशील, माज्या आंगावर काय आसंल नसंल ते गावभर करशील का?”

“पण तू कबूल केलं होतंस!”

“जेवडं सांगता येतं तेवडं सांगितलं.”

“कधी? मला तर काहीच नाही सांगितलंस!”

“सांगितलं,” ती म्हणाली. “तुज्या हातात घातलंय. हात इसरत नाय.”

मला असा संताप आला की रडूच फुटलं. गोड बोलून म्हातारीने काम काढून घेतलं आणि तोंडाला कुलूप घातलं, असं मला वाटलं. तरीही शुक्रवारी सरबताची वाटी आली ती मी घेतली. तिच्याशी अबोला धरायचा तर मग मी बोलायचं कुणाशी?

आजी पावसाळा संपता संपता गेली. सकाळी मी शाळेत जाताना ती अंगणात सब्जाची रोपं लावत होती. “जातेस का गो?” म्हणाली. दुपारी यमुनाकाकीचा निरोप आला. मी पोचले तेव्हा ती खाटेवर होती, शुद्धीत होती. बाबा उशाशी शेमा, मरणाऱ्याच्या कानावर घालायची आमची प्रार्थना, म्हणत होते. तिने ओठ हलवले, शेवटचा शब्द म्हटला की नाही ते कळलं नाही, आणि थांबली.

आमच्या रिवाजाप्रमाणे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकलं. तिच्या घरातलं आणि शेजारच्या आमच्याही. हंडे, कळशा, माठ. आळीतून पाण्याचा ओघळ वाहत गेला. पूर्वी तो ओघळ बघून दारोदार बायका बाहेर यायच्या. त्या दिवशी तो बंद दारांपुढून वाहत गेला.

रेवदंड्याकडून आमच्यातली पुरुष माणसं आली. पेणहून तिच्या पुतण्याची बायको फ्लोरा आली. आल्या आल्याच म्हणाली, “मला नाही गं जमणार. मी कधी प्रेताला हात लावला नाही.”

“तू फक्त पाणी घाल,” मी म्हणाले. “सांगेन तेव्हा.”

तेच परस, तीच लुगडी, बाबांची तीच फळी. मी कोपर बुडवलं. पाणी बेताचं कोमट होतं. चादरीखाली हात घातला तेव्हा क्षणभर वाटलं, आता म्हणेल, दाबून धर. मी वाट बघितली. कोणी काही म्हणालं नाही. एवढी एकटी मी आधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही. आईच्या वेळीसुद्धा नाही, कारण तेव्हा ही म्हातारी होती.

डोकं, चेहरा, उजवी बाजू. फ्लोरा रडत रडत पाणी घालत होती. तिने साबण आजीच्या अंगावरून माझ्याकडे करायला हात पुढे केला तेव्हा मी म्हणाले, “वळसा घालून ये. आळस करायचा नाही.”

मग मी हात घेतले. बरोबर सागाची काडी घेतली होतीच. नखांत माती होती, सकाळच्या सब्जाची. मी काडी लावणार, इतक्यात हात आपणच थांबला. मातीला काडी लावायची नाही. मी फ्लोराला खूण केली. कोमट पाणी पडलं आणि माती सुटून बोटांवरून वाहून गेली. काडी माझ्या हातात तशीच राहिली.

मग काडी कशासाठी?

शेवाळासाठी.

मी तिचा हात हातात घेऊन उभी राहिले. मेलेल्या बाईच्या नखांत दगडावरचं शेवाळ येतंच कुठून? दहाही बोटांत, पार मुळापर्यंत, नखं तुटेपर्यंत? शेतातून येत नाही, चुलीतून येत नाही. जी विहिरीच्या आत दगडांना धरून वर यायला बघते, दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा, तिच्याच नखांत ते येतं. आणि आमच्या आळीतून विहिरीत एकच बाई गेली होती.

“काय झालं?” फ्लोरा घाबरून म्हणाली.

“काही नाही. पाणी घाल.”

मी डावा हात धुतला. पाय धुतले. तळपायाला दाबून धरलं. कफन घातलं, सब्जाची डहाळी ठेवली आणि शेवटी म्हणायचं ते म्हटलं, “सिगुल्ला, दाविदच्या लेकी, माझ्या हातून काही चुकलं असेल तर माफ कर.”

बाहेर यमुनाकाकी उभी होती. हळूच जवळ येऊन म्हणाली, “काय गो, म्हातारीचं त्वांड कसं होतं? शांत होतं का?”

“पाणी कोमट होतं, काकी,” मी म्हणाले. तिला काही उमगलं नाही.

सूर्य बुडायच्या आत आजीला पुरून आले. माणसं आपापल्या गावी गेली, फ्लोराही गेली. यमुनाकाकीने भात आणि आमटी आणून ठेवली. बाबा ओट्यावर बसले होते. घरात प्यायला थेंब नव्हता आणि तळं लांब होतं. बाबा कावडीकडे बघत होते, पण उठत नव्हते.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. काय सांगायचं, कसं सांगायचं? मी स्वतः तर काही बघितलं नव्हतं. मला जे माहीत होतं ते एवढंच, की मला काय शिकवलं. तेवढं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती.

“बाबा, आजीनं मला नखं धुवायला शिकवलं होतं.”

त्यांनी मान हलवली.

“माती असली तर नुसतं पाणी लागतं. पण विहिरीत पडलेलं माणूस वर यायला धडपडलं, दगड ओरबाडले, तर नखांत शेवाळ जातं. ते पाण्यानं निघत नाही. त्याला काडी लागते. सागाची, बोथट टोकाची.”

बाबा हलले नाहीत. मला वाटलं, ऐकलंच नाही.

“तिनं काडी मागितली होती,” ते म्हणाले.

“कुणी?”

“सिगुल्लाबाईनं. त्या दिवशी. आत धुनं चाललं होतं आनि ती मधीच भायेर आली. म्हनाली, हन्नोक, सागाची काडी तासून दे, टोक बोथट कर. मी दिली. मंग परत आली. म्हनाली, मोडली, आजून दे.” त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. “मी आजून दिली. कशाला ते नाय इचारलं.”

त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. ती पडली की तिने उडी घेतली, हे नखं सांगत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. पण तिला वर यायचं होतं. बाबा खेकसले होते त्या घरात, भाऊ गेला होता त्या घरात, जिथे मी अर्धी वेणी घेऊन बसले होते त्या घरात तिला यायचं होतं.

“कोन्त्या हाताच्या?” बाबांनी विचारलं.

“दोन्ही.”

ते उठले. नाक पुसलं. आत जाऊन रिकामा हंडा आणि दोर घेऊन आले. कावड भिंतीला तशीच होती. पायऱ्या उतरून ते शाळेच्या वाटेला वळले नाहीत, उलट्या बाजूला, आळीच्या टोकाकडे गेले. मी ओट्यावरच बसून राहिले.

थोड्या वेळाने तिकडून विहिरीच्या कप्पीचा आवाज आला.